टल, भाग ५: चेहरा गेला, चेहरा आला

चेहरा पांढराफटक पडला. आधी टलचा, पाठोपाठ माझा.

टल म्हणजे वॉल्टर टल, इंग्लंडचा फुटबॉलपटू आणि पहिल्या महायुद्धातला अधिकारी. त्याची छोटी फिगर मी रंगवतोय. मागच्या भागात तिचं फक्त मॅट, म्हणजे चमक मारणारं, वार्निश राहिलं होतं. रविवारी दोन सरींच्या मध्ये जरा उघडीप मिळाली आणि मी गॅलरीत जाऊन स्प्रे मारला. जुलै महिना, डोंबिवली. घरात मिठालासुद्धा पाणी सुटलंय आणि मी स्प्रे मारतोय! दहा मिनिटांत दुधावर साय धरावी तसा गालांवर, कपाळावर, कॉलरच्या घडीत पांढरा थर. ज्या माणसाला १९०९ साली ब्रिस्टलच्या मैदानात प्रेक्षकांनी कातडीच्या रंगावरून नको नको ते ऐकवलं, त्याला मी गोरा करून ठेवला.

त्या चेहऱ्यावर तीन आठवडे गेले होते. वॉल्टर टलचे वडील बार्बाडोसचे सुतार, आई केंटची. फोटो काळे-पांढरे, आणि त्या काळच्या बहुतेक काचेच्या प्लेटा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या. तांबूस कातडी त्यात मुळापेक्षा काळी उतरायची, म्हणजे फोटो बघून रंग काढला की फसलोच. तयार ‘स्किन टोन’चा सेट मागवला, तर आठातल्या सात बाटल्या गोऱ्यांच्या. शेवटी स्वतःच्या मनगटाशी पॅलेट धरून मिश्रण जुळवलं आणि वर चार पातळ ग्लेझ, म्हणजे आरपार रंगाचे हात, दिले. वहीत प्रमाण लिहिलं नव्हतं. (हसा.)

त्यामुळे खरवडून पुन्हा रंगवणं शक्यच नव्हतं. एका मोडक्या नेपोलियनच्या शिपायावर मुद्दाम तसाच पांढरा थर आणला आणि प्रयोग सुरू केले. थिनरनं थराबरोबर रंगही निघाला. ऑलिव्ह तेलाची युक्ती ऐकून होतो. घरात खोबरेल होतं, ते लावलं. थर गेला, पण शिपाई चंपी करून आल्यासारखा दिसायला लागला. मग ब्रशनं ग्लॉस वार्निशचा पातळ हात दिला. लागला तसा रंग खालून वर आला! दमट हवेत मॅटचा पृष्ठभाग खडबडीत होऊन उजेड विखुरतो. ग्लॉस ते खड्डे भरून काढतं. टलवर हात चालवताना श्वास रोखला होता. डावा गाल उजळला... म्हणजे सावळा झाला, तेव्हा ओरडलोच. रात्री पाऊस थांबल्यावर, पंख्याखाली, ब्रशनंच मॅट. कॉलरच्या घडीत थोडं पांढरं अजून आहे. ते मीच बघणार. पावसाळ्यात स्प्रेचा डबा कपाटात, हा माझ्यापुरता कायदा.

टोपीवरचा त्याच्या मिडलसेक्स रेजिमेंटचा बिल्ला मात्र मस्त जमलाय. ७५ मिमी फिगरवर तो जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. ‘अल्बुएरा’ या लढाईच्या नावाची अक्षरं सोडून दिली, नुसती पानांची माळ टिंबांनी काढली. बाहीवर सेकंड लेफ्टनंटचा एक तारा. कमिशन, म्हणजे अधिकारीपद, ‘शुद्ध युरोपीय वंशा’च्या माणसालाच, अशी अट असताना ३० मे १९१७ ला त्याला मिळालेला तारा, तो पुसट ठेवायचा नव्हता, म्हणून दोनदा हायलाइट केला.

आता फिगरखालच्या बेसबद्दल. टल जिथे पडला तो फ्रान्समधल्या फाव्रेयचा चिखल, २५ मार्च १९१८, आणि टलला उचलून आणू पाहणारा शिपाई बिलिंगहॅम, जो स्वतः लेस्टर फॉस या फुटबॉल क्लबचा गोलकीपर होता, असा दोन फिगरचा सीन ठरला होता. टलचा देह हाती लागला नाही. नाव अरासच्या स्मारकावर आहे. त्या चिखलासाठी पुट्टीही आणून ठेवलीय. पण चेहरा पुसत दोन रात्री काढल्यावर त्याला आडवा पाडावंसं वाटेना. टॉटनहॅम क्लबसाठी तो लीगचे जेमतेम दहा सामने खेळला. मॅनेजर हर्बर्ट चॅपमननं नेल्यावर नॉर्थम्प्टन क्लबकडून शंभरावर. मग दुसरी फिगर बिलिंगहॅमची कशाला? टलचीच करू, नॉर्थम्प्टनच्या क्लॅरेट शर्टात, दोघे शेजारी उभे. टॉटनहॅमचा पांढरा शर्ट टळला हा वरचा फायदा. पांढरा रंग मला सध्या बघवत नाही.

चेंडू या मापात नऊ मिलिमीटरचा हवा. आईच्या तुळशीच्या माळेतला मणी मोजला, साडेआठ भरला. भोक पुट्टीनं बुजेल, वर दोऱ्याची लेस. तिला विचारायचं अजून बाकी आहे.