बारा घुंगरं

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

नाटकाहून आत्ताच घरी आले. इथल्या, अटलांटाच्या एका हौशी मंडळाने केलेलं ‘क्राइम्स ऑफ द हार्ट’. हॉल लहान, खुर्च्या घडीच्या. मधल्या बहिणीचं, मेगचं काम करणारी बाई एकदा वाक्य विसरली, तर थोरल्या लेनीने तिला बेमालूम सांभाळून घेतलं. धाकटीचं सांभाळून घेणं थोरलीला शिकवावं लागत नाही.

गोष्ट कुणाला सांगायची तर पंचाईतच आहे. मिसिसिपीतलं हेझलहर्स्ट हे लहानसं गाव, साल 1974. मॅग्राथ घराण्यातल्या तीन बहिणी. धाकट्या बेबने नवऱ्याच्या पोटात गोळी घातलीय. नवरा राजकारणातला, वजनदार माणूस, वाचलाय. का मारलीस असं विचारलं तर म्हणते, त्याचं दिसणं मला आवडत नव्हतं. गोळी घातल्यावर बाईने आधी लिंबू सरबत केलं, भरपूर साखर घालून. स्वतः तीन पेले प्यायली आणि मग जमिनीवर पडलेल्या नवऱ्याला विचारलं, तुला हवंय का? त्यांच्या आईने पूर्वी तळघरात गळफास घेतला होता, आणि सोबत म्हाताऱ्या मांजरालाही टांगलं होतं. हे ऐकून आम्ही सगळे हसलो. पुढे बेब सांगते की आईला एकटीने मरायची भीती वाटत असणार. तेव्हा मघाच्या हसण्याचं काय करावं ते कुणालाच कळेना. माझ्या शेजारच्या आजोबांनी उगाचच खोकून घेतलं.

नाटक लिहिणारी बेथ हेन्ली मिसिसिपीचीच. या नाटकाला 1981 साली पुलित्झर हा इथला मानाचा पुरस्कार मिळाला तेव्हा ती 28 वर्षांची होती आणि नाटक अजून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर लागायचं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी मी काय करत होते ते इथे लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. गोळीमागचं खरं कारण विली जे, पंधरा वर्षांचा काळा मुलगा. बेबच्या नवऱ्याने त्याच्यावर हात टाकला, तिथून सगळं पेटलं. आणि हा मुलगा रंगमंचावर एकदाही येत नाही. शेवटी त्याच्या जिवाला धोका नको म्हणून त्याला बसने उत्तरेला धाडतात आणि बहिणी आपल्या दुःखाकडे वळतात. त्या काळच्या मिसिसिपीत असंच घडलं असतं, कबूल. पण घरी येताना गाडीत तोच डोक्यात होता.

तो, आणि चॉकलेटं.

लेनीचा तिसावा वाढदिवस, तो बहिणींच्याही लक्षात नाही. पहिल्याच प्रवेशात ती बिस्किटात मेणबत्ती खोचायला बघते, एकटीच स्वतःसाठी गाणं म्हणते. आजोबांची सेवा करता करता तिची खाट स्वयंपाकघरात आलीय. मग हॉलिवूडला गायिका व्हायला गेलेली आणि तिथे काही न जमलेली मेग येते आणि लेनीला भेट आलेल्या खोक्यातलं एकेक चॉकलेट उचलून चावा घेते. आत काजू-बदाम आहेत का बघायला. नसले की उष्टं चॉकलेट परत खोक्यात. लेनी संतापते. बहीण तुरुंगाच्या दारात, आजोबा इस्पितळात, आणि ही भांडते कशावरून, तर चॉकलेटवरून आणि घुंगरांवरून! लहानपणी आजीने मेगच्या परकराला बारा सोनेरी घुंगरं लावू दिली, आम्हाला तीनच का?

सगळं थिएटर हसत होतं. मला मात्र हसू येईना. आमच्या घरातली मेग मीच की. दर वर्षी महिनाभर जायचं, ताईने वर्षभर राखलेल्या घरात पाय पसरून बसायचं, लोणच्याच्या बरणीतल्या कैरीच्या चांगल्या फोडी वेचून खायच्या आणि अण्णांना आता कुठे ठेवावं यावर मत द्यायचं. अण्णा गेले त्या रात्री ताई तिथे होती आणि मी विमानतळावर.

नंतर एकदा पोट धरून हसले खरी. मेग रात्रभर बाहेर राहून येते आणि ठणकावून सांगते की आजोबांना आता खरं काय ते सांगणार, त्या धक्क्याने कोमात गेले तर जाऊ देत! ते आधीच कोमात गेलेत हे तिला ठाऊक नाही. बाकीच्या दोघींना हसू आवरत नाही. अण्णांच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा मी आणि ताई पदर तोंडात कोंबून अशाच हसलो होतो. काकू अजून ते काढते.

साडेबारा

केला शेवटी फोन. तिकडे सकाळचे दहा, ताई भाजी निवडत होती. सगळं नाटक सांगितलं. गोळी, सरबत, मांजर. ती नुसती हं, हं करत राहिली. घुंगरांशी आले तेव्हा तिचा हात थांबलेला मला इथे ऐकू आला.

“एकीला बारा आणि बाकीच्यांना तीन?”

“हो.”

“मग? विचारलं का तिने आजीला?”

“आजी गेली होती गं तोवर.”

“वाटलंच,” ताई म्हणाली, आणि पुन्हा गवार मोडू लागली.