मागील पानावरून पुढे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आडतीवर वह्यांची पूजा झाली, मालकांनी पेढा आणि पाकीट हातावर ठेवलं, की मी घरी येऊन आणखी एका वहीला हळदीकुंकू लावतो. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही. दुकानात संगणक आला तेव्हा पाचसहा कोऱ्या खतावण्या तशाच पडून होत्या, त्यांतली एक मी मागून घेतली. बायको दरवर्षी म्हणते, "लावा, लावा. हिच्यात तरी कुणाची उधारी नाही." मी काही बोलत नाही. तिच्यात उधारीशिवाय दुसरं फारसं काही नाही.

ती माझी सिनेमांची वही. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, दिवाणजी म्हणून हयात चालली, त्यामुळे सिनेमाही मला डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असाच लिहिता येतो. ज्यानं काही दिलं तो जमेला. ज्यानं नुसतेच तीन तास आणि तिकिटाचे पैसे नेले तो नावे. बघायचे राहिलेले शेवटच्या पानावर. ते येणं धरायचं की देणं, हे मात्र अजून ठरलेलं नाही. सरकारी हिशेब मार्चअखेर मिटतो, इंग्रजी वर्ष डिसेंबरात संपतं, पण माझं सिनेमाचं वर्ष पाडव्याला सुरू होऊन लक्ष्मीपूजनाला संपतं. जानेवारीत सगळीकडून 'वर्षातले दहा उत्तम चित्रपट' अशा याद्या यायला लागतात, त्या मी शेजारच्याच्या लग्नाची पत्रिका वाचावी तशा वाचतो. मंडळी ओळखीची असतात, पण बोलावणं नसतं.

कारण त्यातले निम्मे सिनेमे आमच्याकडे आलेलेच नसतात. त्याचं दुःख करावं असंही नाही. आमच्या भागाला कुठलीच गोष्ट वेळेवर मिळायची सवय नाही. देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, आम्ही निजामाच्या तावडीतून सुटलो 17 सप्टेंबर 1948 ला. तेरा महिने उशीर. त्या मापानं सिनेमा सहा महिन्यांनी आला तर तो वेळेआधीच आला म्हणायचा. माझ्या लहानपणी रिळांच्या पेट्या मोठी गावं फिरून, तुटून, जोडून आमच्यापर्यंत येत. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडायचा. दुष्काळी साली आम्ही तेवढाच पाऊस बघितला, असं वडील म्हणायचे. पिक्चर लागल्याची वर्दी भोंगा बांधलेला टांगा द्यायचा आणि गाणं ऐकू आलं की आम्ही पोरं त्याच्यामागं मोंढ्यापर्यंत पळायचो. पुढं गणपतीत गल्लीगल्लीत भाड्यानं व्हीसीआर यायला लागले. रात्री तीन-तीन पिक्चर. तिसऱ्याचा शेवट मी आजवर एकाचाही बघितलेला नाही. झोप लागायची.

यंदा वहीत सत्तेचाळीस नोंदी आहेत. त्यांतल्या थिएटरातल्या सहा. आकडा बघून मलाच वाईट वाटलं, पण वही खोटं लिहू देत नाही.

पहिली जमा पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ची. 2024 च्या मे महिन्यात त्याला फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री हे बक्षीस मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोचला होता, असं पेपरात मोठ्या अक्षरांत आलं. मी कात्रण वहीत डकवलं आणि वाट बघत बसलो. नोव्हेंबरात तो देशात लागला. आमच्याकडे लागला नाही. शेवटी जानेवारीत पुण्याहून लेकीनं तिच्या खात्याचा पासवर्ड पाठवला, तेव्हा लॅपटॉपवर बघितला. मुंबईत राहणाऱ्या मल्याळी नर्सेस, त्यांची रत्नागिरीकडची मैत्रीण, आणि एक दिवस पार्सलनं आलेला लालभडक राइस कुकर. एकीचा नवरा जर्मनीत गेलाय, त्याचा कागदाचा चिटोरा नाही, आणि कुकर जर्मनीचा. आता 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही जन्मापासून ऐकत आलोय. जर्मनीचं नाव निघालं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. मग ती बाई रात्री एकटीच त्या कुकरला मिठी मारून बसते. बायकोनं लॅपटॉप जरा आपल्याकडे ओढला आणि शेवटपर्यंत माझ्याकडे दिलाच नाही.

त्याच जानेवारीत अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला जाऊन आलो. परभणी ते छत्रपती संभाजीनगर रेल्वेनं 177 किलोमीटर, आणि एकच रूळ. समोरून गाडी येणार म्हटलं की आपली गाडी कुठल्यातरी स्टेशनवर बाजूला उभी. 2025 च्या जुलैअखेर केंद्रानं या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली, तेव्हा मोंढ्यात बाकीचे म्हणाले, माल लवकर जाईल. माझ्या मनात आलं, सकाळचा पहिला खेळ सापडेल. यंदा तो चुकलाच. महोत्सवाचं ते दहावं वर्ष होतं आणि सई परांजपे यांना पद्मपाणी पुरस्कार दिला होता. मी दोन दिवसांत पाच सिनेमे बघितले आणि तिसऱ्या दिवशी आडतीवर तुरीच्या पट्ट्या करताना मला प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडाखाली भाषांतराची ओळ दिसायला लागली. पाचांपैकी एक जमेला आहे. त्याचं नाव मला नीट वाचता येत नाही, म्हणून वहीत 'बर्फातला म्हातारा आणि घोडा' एवढंच लिहिलंय. हे पाच वहीत वेगळ्या पानावर असतात, सत्तेचाळीसात धरत नाही. पाहुण्यांच्या ताटांचा हिशेब कोण ठेवतो?

फेब्रुवारीत 'छावा'ला सगळं गाव लोटलं. खेड्यांतून टेम्पो भरून माणसं आली होती. सिनेमाबद्दल माझी दोनचार कुरकुरी मतं आहेत, ती मी घरात ठेवतो. पण शेवटाला थिएटरात जी शांतता झाली, ती मी आमच्या त्या थिएटरात कधी ऐकली नव्हती. एरवी तिथं फोनवर सोयाबीनचे भाव चालू असतात. सिनेमा नावे, शांतता जमा, अशी विचित्र नोंद झाली आहे.

सगळ्यात वरची जमा म्हणाल तर 'स्थळ'. जयंत सोमलकरांचा. 7 मार्चला लागला आणि आम्ही नांदेडला एका बारशाला गेलो होतो, तिथून पळून जाऊन बघितला. विदर्भातलं खेडं, कापूस पिकवणारा बाप, शिकणारी मुलगी, आणि तिला बघायला येणारे पाहुणे. पाटावर बसायचं, नाव सांगायचं, उंची सांगायची, शिक्षण सांगायचं. पाहुणे जातात. पुन्हा दुसरे. पुन्हा तेच प्रश्न, त्याच क्रमानं. दिग्दर्शक त्यात काही लपवत नाही, लांबवत नाही, फक्त परत दाखवतो. पहिल्या खेपेला थिएटर हसलं. दुसऱ्या खेपेला कमी. तिसऱ्या खेपेला माझ्या शेजारचा एक गृहस्थ उगाचच बुटाची लेस बांधायला खाली वाकला. मी स्वतः पाटापुढच्या खुर्चीवर चार ठिकाणी बसलेलो माणूस आहे. चारही ठिकाणी मी पोहे चांगले होते का, एवढंच लक्षात ठेवलं. गाडीत बायकोला विचारलं, "तुला किती जणांनी बघितलं होतं गं, माझ्याआधी?" लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे मी कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "सात." मग पूर्णा आलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही उंची विचारली होती. मी उभी होते तरी."

ही नोंद करायला मला आठ दिवस लागले.

उन्हाळा नेहमीप्रमाणे कोरडा गेला. मे महिन्यात दुपारी अंगणातला पत्रा कडकड वाजत असतो आणि कूलरच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून मी त्या दिवसांत मारामारीचे दाक्षिणात्य सिनेमे बघतो. चार लिहिले आहेत, चारही आता एकमेकांत मिसळले.

आणि मग सप्टेंबर. ज्या भागात पाऊस येत नाही म्हणून आयुष्यभर वरती बघायची सवय, तिथं तो आला आणि थांबेचना. जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदाकाठची शिवारं पाण्याखाली गेली, उभ्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड फुटले. मोंढ्यात दसऱ्याच्या आधी पाय ठेवायला जागा नसते, तिथं मापाडी आणि हमाल पत्ते खेळत बसले. 'दशावतार' त्याच दिवसांत लागला. दिलीप प्रभावळकर, वय ऐंशीच्या पुढं, आणि अंगात वारं भरल्यासारखे. बघितला, आवडला, पण थिएटरातून बाहेर येऊन गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलत आणली, तीच जास्त लक्षात राहिली. रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात बक्षीस मिळवून आला, तोही सप्टेंबरातच लागला म्हणे. आमच्याकडे त्याचं पोस्टरही आलं नाही. येण्यात लिहून ठेवलाय.

एका रात्री वीज गेली ती गेलीच. आईला झोप येईना. माझ्या फोनमध्ये 'संत तुकाराम' उतरवून ठेवलेला होता. प्रभातचा, 1936 चा, दामले-फत्तेलालांचा. स्टीलच्या तांब्याला फोन टेकवून लावला. आईचं वय ब्याऐंशी, सिनेमा तिच्याहूनही म्हातारा. विष्णुपंत पागनीस दिसले की ती हात जोडायची, पण तिचं सगळं लक्ष जिजाईकडे. जिजाई देवळात जाऊन विठोबालाच फैलावर घेते तिथं आई उठून बसली. "बोल माय, बोल," म्हणाली. "ह्याला कुणीतरी इचारायच पायजे." बाहेर पाऊस बदाबदा पडत होता. फोनची बॅटरी सात टक्क्यांवर आली तेव्हा मी बंद करू का विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. संपली तर संपली." विमान यायच्या आधीच संपली. पुढचं तिनं मला तोंडी सांगितलं, आणि तिच्या सांगण्यात जिजाईही विमानात बसून गेली. मी वहीत तसंच लिहिलंय.

आता येणं. शेवटचं पान दर दिवाळीला नव्यानं लिहावं लागतं आणि वर सवयीनं 'मागील पानावरून पुढे' असं लिहिलं जातं. सत्यजित राय यांच्या अपूचे तीन सिनेमे, त्यांतला 1955 चा पहिला झालाय, दोन बाकी. जब्बार पटेलांचा 'सामना' पडद्यावर बघायचाय, टीव्हीवर नाही. मूकपट एक तरी, पूर्ण. बायकोनं निवडलेला सिनेमा महिन्यातून एक, आणि त्यात मध्ये बोलायचं नाही. हे शेवटचं कलम तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. आणखी नऊ नावं आहेत, पण ती लेकीला बरं वाटावं म्हणून लिहिलेली. ती बुडीत खात्यात जाणार हे मला आजच माहीत आहे.

पण एक बाकी चार वर्षांपासून जशीच्या तशी पुढं चाललीय. अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराय'. 1954 चा, 207 मिनिटांचा. म्हणजे साडेतीन तासांना तीन मिनिटं कमी. गरीब शेतकऱ्यांचं गाव, वरून टेहळणी करणारे दरोडेखोर, ते ठरवतात की आत्ता नको, जव पिकले की येऊ. मग शेतकरी सामुराय, म्हणजे जपानी तलवारबाज लढवय्ये, शोधायला निघतात. द्यायला काय, तर भात. बाकी काही नाही. त्या सिनेमात कुरोसावांनी स्वतःच मध्यंतर ठेवलंय आणि मी आजवर तीनदा त्या मध्यंतरापर्यंत पोचलोय. एकदा पाहुणे आले. एकदा ट्रक आला. एकदा कारण सांगण्यासारखं नाही, झोप लागली. शेवट कुठंही वाचायला मिळतो. मी वाचलेला नाही.

तिसऱ्या खेपेची गोष्ट मी ऑक्टोबरात रिकाम्या मोंढ्यात आमच्या मापाडी नानांना सांगितली. वेळच वेळ होता. नाना पोत्याला टेकून ऐकत होते. दरोडेखोर पीक तयार व्हायची वाट बघतात, इथं त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "मंग त्ये डाकू आपल्यावानीच हायेत की दिवाणजी," म्हणाले. "रास झाल्याबिगर येत न्हाईत."

मी चष्मा पुसला. आडतीवरच्या काट्याकडे बघायचं टाळलं.

"पुढं काय झालं? पीक वाचलं का त्यांचं?"

मी म्हटलं, "नाना, तिथपर्यंत मी गेलोच नाही अजून."

"कामून?"

काय सांगणार? म्हटलं, पाडव्याला बघतो आणि सांगतो. पाडवा झाला, भाऊबीज झाली. उरलंसुरलं, डागी, ओलं सोयाबीन थोडं थोडं यायला लागलं. नाना सकाळी काटा लावताना माझ्याकडे बघतात. बोलत काही नाहीत, फक्त भुवई उडवतात. काल बायकोला सांगितलं, रविवारी दुपारी दोनपासून साडेपाचपर्यंत मी घरात नाही असं समज. ती म्हणाली, "माझा महिन्याचा सिनेमा तोच धरा. मीपण बसते." आता मध्ये बोलता येणार नाही.