झाकण अडलं की कोडं?

भेट म्हणून मिळालेला एक लाकडी कोडे-डबा, म्हणजे युक्ती सापडली तरच उघडणारा डबा, माझ्याकडे दुरुस्तीला आला, तेव्हा सरकत्या झाकणाच्या कडेवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे होते. साध्या डब्याचं झाकण अडलं तर माणूस थांबतो. इथे मात्र अडणं हीच कोड्यातली मेख असेल असं वाटतं आणि तो जोर लावतो. म्हणून अशा वस्तूचं लाकूड निवडताना मी मजबुतीआधी एवढंच बघतो, की हवा बदलली तरी झाकण आणि खोबणीतली फट टिकेल का.

झाकण ओलीने फुगून अडलं होतं, तरी ड्रायर लावला नाही. गरम हवेने वरचा थर आधी आकसतो आणि फळी तडकते. डबा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत हवाबंद ठेवला आणि रोज वजन केलं. वजन उतरायचं थांबलं तेव्हा झाकण बोटाने सरकलं.

मग कारण मोजता आलं. झाकण बीच नावाच्या लाकडाचं, ८० मिमी रुंद, तंतू लांबीच्या दिशेने. डब्याची रुंदी मात्र आखूड बाजूंच्या तंतूंच्या लांबीवर ठरलेली, आणि तंतूंच्या दिशेने लाकूड जवळजवळ वाढतच नाही. आडवं वाढतं. लाकडातला ओलावा ८ टक्क्यांवरून १२ वर गेला, तर वाढीची वलयं रुंदीला समांतर असलेली बीचची एवढी फळी सुमारे १.४ मिमी फुगते. ठेवलेली फट, दोन्ही बाजू मिळून, ०.४ मिमी! सागवान बरंच कमी, ०.६ मिमीच्या आसपास फुगतं, पण तेही इथे मावलं नसतं. तंतू आडवे फिरवले तर रुंदी स्थिर राहते, मात्र ६ मिमीची पातळ फळी ढकलताना रेषेवर दुभंगू शकते. शेवटी बर्च लाकडाचा ६ मिमी प्लाय घेतला, त्याचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने तो रुंदीला फारसा फुगत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी, मी अशा ठिकाणी वापरत नाही. त्याची कापलेली कड ओल शोषून फुगते आणि सुकल्यावरही पूर्ववत होत नाही.

खोबणीत वार्निश मारलेलं होतं. वार्निशचे दोन पृष्ठभाग दाबात राहिले की एकमेकांना चिकटतात. जवसाचं तेलही बंद जागेत बराच काळ चिकट राहतं. वार्निश खरवडून पॅराफिन मेण घासलं. प्लायच्या कडांना आधी पातळ शेलॅक (लाखेचं पॉलिश), मग मेण. गंजलेल्या लोखंडी खिट्यांऐवजी ३ मिमी पितळी सळई, ३.२ मिमी भोकात.

निओडिमियम चुंबक सुपरग्लूने बसवला होता, तो सुटलेला. निकेलचा मुलामा गुळगुळीत आणि सुपरग्लू ठिसूळ. प्रत्येक खटक्याला सांधा थोडा थोडा उकलतो. चुंबक सँडपेपरने खरडून दोन भागांच्या इपॉक्सीने बसवला, पृष्ठभागापासून अर्धा मिमी खाली. चुंबक स्वतःही ठिसूळ असतो, समोरच्यावर आपटला की टवका उडतो.

परत देण्याआधी डबा ओल्या फडक्यासोबत, फडक्याचा स्पर्श होऊ न देता, बंद ठेवला. वजन स्थिरावल्यावर झाकण करंगळीने सरकवून पाहिलं. जिथे घासलं तिथे ४०० नंबरच्या सँडपेपरने कड उतरवली आणि पुन्हा मेण लावलं.