आज माझीच दांडी गुल

बावीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय. आज प्रशिक्षणात मलाच वाचता आलं नाही!

प्रशिक्षण देणाऱ्या साधनव्यक्तींनी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. गोष्ट साधी, चार ओळींची, मराठीच. पण लिपी मोडी. सलग रेघ, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सोबत अक्षरांचा तक्ता. "वाचा."

दहा मिनिटांत सात शब्द. सातवा लागेपर्यंत पहिला विसरलेला. शेजारचे गुरुजी तर चक्क अंदाजपंचे ठोकत होते, चित्र बघून 'वाचणाऱ्या' आमच्या पोरांसारखे. अर्थ कळायला डोक्यात जागाच उरत नाही हो!

मग अक्षरगटांवर बोलणं झालं. क ते ज्ञ घोकून घेण्याऐवजी म, क, न आणि काना एवढंच आधी घेतलं, तरी मूल काका, नाक, कान, मान, मामा लगेच वाचतं. पहिल्या वेलांटीवर बराच वेळ गेला: लिहायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर. आणि 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च वेगळा, हे मी वर्गात कधी मोठ्यानं बोललेच नव्हते.

२०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतचं प्रत्येक मूल समजून वाचेल, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट. त्याचे माहितीचे तक्ते तेवढे भरून झालेत.

माझ्या वर्गात एक जण 'ना...क...' म्हणून थांबतो. मागच्या आठवड्यात त्याला म्हणाले होते, "किती वेळा सांगायचं रे?"

तो मोडीचा कागद पर्समध्येच आहे.