मग तुम्ही शिकवता कधी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालक विचारतात, नव्याने रुजू झालेले सहकारीही विचारतात: ‘तुमच्या तासाला मुलं आपापसांत बोलत असतात, मध्येच फोन हातात घेतात, मग तुम्ही शिकवता कधी?’ तेव्हाच शिकवते. एकमेकांना पटवून देताना मुलांना भौतिकशास्त्र समजतं, आणि फोन बाहेर निघतो तो त्यासाठीच.

एक प्रश्न घ्या. चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात वरच्या बिंदूला त्याचा वेग क्षणभर शून्य होतो. त्या क्षणी त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? सूत्रं तोंडपाठ असलेली कितीतरी मुलं ‘शून्य’ म्हणतात. कुणाशीही न बोलता आधी प्रत्येकाने फोनवर उत्तर नोंदवायचं. किती जणांनी काय निवडलं ते मला दिसतं, पण मी ते वर्गाला दाखवत नाही. दाखवलं की बहुमताचं उत्तर खरं ठरतं आणि कारणं शोधणं थांबतं. मग ज्याचं उत्तर वेगळं आहे असा शेजारी गाठायचा आणि त्याला पटवायचं. ‘वर त्वरणही शून्य झालं, तर चेंडू खाली येईलच कशाला? तिथेच राहील ना!’ हे मी फळ्याजवळून सांगितलं तर मुलं लिहून घेतात. शेजारणीने सांगितलं तर वाद घालतात, आणि मला तो वाद हवा असतो. त्यानंतर पुन्हा मत द्यायचं.

पद्धत माझी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी ती १९९१ साली सुरू केली. पहिल्या फेरीत ३० टक्क्यांहून कमी मुलं बरोबर असतील तर संकल्पना पुन्हा समजावा, ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे चला, मधल्या पट्ट्यात चर्चा होऊ द्या, असा त्यांचा सर्वसाधारण आडाखा आहे. फोन नसतील तर रंगीत कार्डं वर धरूनही हे जमतं. फोनमुळे इतकंच होतं की आजूबाजूला बघून उत्तर बदलता येत नाही आणि गप्प बसणाऱ्या मुलालाही स्वतःचं मत द्यावं लागतं. माझ्या लेखी हे ‘इतकंच’ फार मोठं आहे.

यावर नेहमी येणारी शंका अशी, की एक हुशार मुलगा सांगतो आणि बाकीचे मान डोलावतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला. २००९ साली ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात आलेला त्यांचा निष्कर्ष मला अजूनही उभारी देतो: ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच उत्तर आलेलं नसावं, त्यांच्यातही सुधारणा दिसली. म्हणजे नुसती नक्कल होत नव्हती. बोलता बोलता समज तयार होत होती.

आज मूल दुसऱ्याच्या मदतीने जे करतं ते उद्या एकट्याने करू शकेल, असं सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मांडलं. मदत करणारा शिक्षकच असला पाहिजे असं नाही. जाणकार सोबतीही चालतो. मी तर म्हणेन, कधी कधी तोच बरा. ज्याला कालच समजलं त्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं. आम्हा शिक्षकांना ते विसरून बरीच वर्षं झालेली असतात.

एकट्याने व्हिडिओ बघून प्रश्नमंजुषा सोडवायची अ‍ॅप्स मी सरावापुरती वापरते. उत्तर चुकलं की लगेच कळतं, हा त्यांचा खरा फायदा. पण तिथे पटवून द्यायला समोर कुणी नसतं. एआय चॅटबॉटचं उत्तरही मी चालवून घेते, पण स्वतःचं मत नोंदवून झाल्यावर. ते गटात आणायचं आणि त्यातली प्रत्येक पायरी सगळ्यांनी मिळून तपासायची.

माझं बरंचसं काम तासाच्या आधी होतं: प्रश्न निवडणं. चुकीचे पर्याय मी मनाने रचत नाही. बाकांमधून फिरताना मुलांची जी कारणं कानावर पडतात, ती टिपून ठेवते. ‘वेग शून्य म्हणजे बलही शून्य’ हे कुणीतरी मनापासून म्हटलेलं असतं. पुढच्या तुकडीसाठी तोच पर्याय ‘ब’ होतो.