भाऊबीज झाली की ग्रीस

ग्रीसला जायचं ठरलं तेव्हा विमानाचे दर बघण्याआधी मी कालनिर्णय उघडलं. मुलांची शाळा असल्यामुळे आमच्या हातात दोनच सुट्ट्या, मे आणि दिवाळी. भूमध्य समुद्राकाठचा गर्दीचा हंगाम उन्हाळ्यातला. ऑक्टोबरअखेर मात्र तिथली गर्दी ओसरते, खोल्यांचे भाव उतरतात, आणि क्रीट बेटावर मुलांना समुद्रात खेळता येईल इतकं पाणी कोमट असतं. 2025 मध्ये भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती. ओवाळणी झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं, हे पक्कं केलं. दिवाळी घरी, सासूबाईंबरोबर व्हायला हवी, हा माझा आग्रह होता.

तारखा जुळवताना एक गोष्ट हाती लागली. 28 ऑक्टोबर हा ग्रीसचा राष्ट्रीय दिन. 1940 साली याच दिवशी ग्रीसनं इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याची, त्याच्या फौजा देशात येऊ देण्याची मागणी धुडकावून लावली होती. त्या दिवशी सरकारी पुरातत्त्व स्थळं आणि संग्रहालयं सर्वांना मोफत असतात. अॅक्रोपोलिस, म्हणजे अथेन्समधली प्राचीन मंदिरांची टेकडी, तिचं तिकीट 2025 पासून 30 युरो झालंय, म्हणजे आम्हा दोघांचेच 60 युरो वाचणार होते. मग अथेन्समधला मुक्काम त्या तारखेभोवती बसवला.

पुण्यातल्या टूर कंपन्यांचे कार्यक्रम चाळले होते. बहुतेकांत सँटोरिनी आणि मिकोनोस असतंच. ती बेटं सुंदर असतील, पण चौघांच्या राहण्याजेवणाचा खर्च तिथे भलताच वाढतो. शिवाय पॅकेजवर तेव्हा 5 टक्के टीसीएस, म्हणजे टूर कंपनीनं सरकारसाठी गोळा केलेला आगाऊ कर, आधीच भरावा लागायचा. तो नंतर रिटर्नमध्ये वळता होतो, पण पैसे तोवर अडकतात. मी दोनच मुक्काम धरले, अथेन्स आणि क्रीट. मुलं बरोबर असली की रोज बॅगा भरण्यासारखी दमणूक दुसरी नाही.

राहण्याचा हिशोब मात्र नीट मांडावा लागला. मला स्वयंपाकघर असलेला फ्लॅट हवा होता. पण ग्रीसमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर मुक्कामावर दर रात्री वेगळा कर लागतो. 2025 मध्ये तो भाड्याच्या फ्लॅटला 8 युरो होता आणि एक-दोन तारांकित हॉटेलच्या खोलीला 2 युरो. बुकिंगच्या वेळी दिसणाऱ्या भाड्यात तो बरेचदा धरलेला नसतो. दर रात्रीचे 6 युरो वाचवून आम्ही अथेन्समध्ये साधं दोन तारांकित हॉटेल घेतलं, चौघांची एक खोली. क्रीटला फ्लॅट घेतला, कारण तिथे जास्त दिवस राहायचं होतं आणि मुलांना मधूनमधून मुगाची खिचडी लागतेच.

व्हिसाची धास्ती सगळ्यांनाच असते. ग्रीससह बऱ्याच युरोपीय देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. आम्ही पावसाळ्यातच केला, कारण दिवाळीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 वर्षांपासून 12 वर्षांखालच्या मुलांना 45, त्याहून लहानांना काही नाही. आमचे 225 युरो झाले, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. बँक स्टेटमेंट, आयकर रिटर्न, नवऱ्याचं ऑफिसचं रजेचं पत्र, शाळेचं बोनाफाईड असे सगळे कागद मी माणसागणिक वेगळ्या फायलीत लावले. सोबत रोज कुठल्या गावात आणि कुठे मुक्काम, एवढंच सांगणारं एक पान जोडलं. त्यातली प्रत्येक तारीख हॉटेल, जहाज आणि विमानाच्या तिकिटांशी जुळली पाहिजे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 12 वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत.

विमान मुंबईहून, आखातात बदलून. एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा याचाच, आणि त्यात फारशी काटकसर होत नाही. काटकसर होते ती पोचल्यावर. अथेन्स विमानतळावरून मेट्रोला मोठ्या माणसामागे 9 युरो पडतात, तर सिंटाग्मा चौकात सोडणाऱ्या एक्स-95 बसला 5.50.

शाकाहारी माणसाचं तिथे छान भागतं. टोमॅटो-मिरचीत भात भरून भाजलेलं येमिस्ता, टोमॅटोच्या रसातले मोठे पांढरे वाल, पालकाचा पफ. फावा तर आपल्या घट्ट वरणासारखा, वर चिरलेला कांदा आणि ऑलिव्ह तेल. धाकटीनं तो ब्रेडला लावून दोन्ही वेळा खाल्ला.

28 तारखेला सकाळी शाळकरी मुलांचं संचलन बघितलं आणि दुपारी अॅक्रोपोलिस चढलो. तिथला संगमरवर लाखो पावलांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की चपलांऐवजी बूटच घालावेत. पार्थेनॉनच्या मंदिरासमोर थोरला बराच वेळ गप्प उभा होता. मग त्यानं खांब मोजायला घेतले.

त्याच रात्री पिरेअस बंदरातून क्रीटचं जहाज पकडलं. चार बर्थची केबिन घेतली, म्हणजे प्रवासाच्या भाड्यात हॉटेलची एक रात्र वाचली. सकाळी लवकर इराक्लिओला उतरलो. फ्लॅट दुपारी मिळणार होता, पण मालकीणबाईंनी बॅगा आधीच ठेवून घेतल्या आणि आम्ही शहर बसनं नोसोसचा राजवाडा गाठला. जेमतेम 5 किलोमीटर. मुलं बरोबर असतील तर दार उघडायच्या वेळेलाच पोचा, आत सावली फार कमी आहे आणि नंतर टूरच्या बसगाड्या यायला लागतात.