माझा छत्तीसचा आकडा

गेल्या जुलैतल्या एका रविवारी आम्ही सगळे नाशिकजवळच्या सोमेश्वरला गेलो होतो. पाऊस भुरभुरत होता, गोदावरी फुगलेली, हातात तिखट-मीठ-लिंबू चोळलेलं भाजकं कणीस. दुसऱ्याच घासाला डावीकडची खालची दाढ दबल्यासारखी झाली. सैल फरशीवर पाय पडावा तशी. दुखलं मात्र काहीच नाही, म्हणून कणीस उजवीकडून संपवलं.

मी अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. एखादं मशीन चालतंय पण हलतंय असं ऑपरेटर म्हणाला, की मी आधी त्याचा पाया बघतो. स्वतःच्या तोंडात दोन वर्षं ब्रश केल्यावर थुंकी लालसर येत होती, तर मी काय केलं? ब्रश कडक असेल म्हणून मऊ आणला आणि हिरड्यांना लागू नये म्हणून त्या जागा वाचवून घासायला लागलो. म्हणजे जिथे घाण साचत होती, नेमक्या त्याच जागा मी रोज सोडत होतो.

पहिल्या दवाखान्यात पाच मिनिटांत निकाल लागला. दाढ बोटाने हलवून पाहिली, "काढून टाका, इम्प्लांट बसवू" म्हणाले, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर नकली दाढ, आणि खर्चाचा कागद हातात. त्या कागदावर दाढेचा नंबर होता ३६. घरी आल्यावर तो भाचीला दाखवला. ती इथे बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीला आहे, आमच्याकडेच राहते. पहिल्या वर्षी ती रात्र रात्र मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरत बसायची. मेणाचा चुरा थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचा आणि आमच्या सौभाग्यवतींचा पारा त्याच्या मागोमाग.

"मामा, पहिला आकडा जबड्याचा कोपरा," ती म्हणाली. "वर उजवा १, वर डावा २, खाली डावा ३, खाली उजवा ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून कितवा दात तो. खाली डावीकडे सहावी, म्हणून छत्तीस."

"म्हणजे दाढेचा नि माझा छत्तीसचा आकडा!"

ती हसली नाही. उठून डब्यातून स्वतः कोरलेली छत्तीस नंबरची दाढ घेऊन आली.

ती मेणाची दाढ हातात घेईपर्यंत दात म्हणजे हाडात ठोकलेला खिळा, अशीच माझी समजूत होती. वर पाच उंचवटे, खाली दोन मुळं, एक पुढे नि एक मागे, आणि दोन्हींच्या मध्ये बेचकी. "तोंडात दिसतो तो निम्म्याहून कमी," भाची म्हणाली. वरच्या भागावर एनॅमलचं कवच. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. पण त्यात जिवंत पेशी नाहीत, त्यामुळे झिजलं की झिजलं, परत येत नाही. त्याच्या आत पिवळसर डेंटिन, आणि मधल्या पोकळीत नसा-रक्तवाहिन्या, ज्या मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत येतात. रूट कॅनॉलमध्ये साफ करतात ती हीच पोकळी. माझ्या दाढेत हे सगळं ठणठणीत होतं. कीड नाही, काही नाही.

बिघाड होता दाढेच्या पायात. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. (सिमेंट म्हटल्यावर मला घट्टच वाटलं होतं.) समोर जबड्याच्या हाडाची खोबण. पण मूळ त्या हाडाला टेकलेलं नसतं. मध्ये साधारण ०.२ मिलिमीटरची फट असते आणि तीत हजारो बारीक तंतू एका बाजूला सिमेंटममध्ये, दुसऱ्या बाजूला हाडात रुतलेले. दात त्यांच्यावर टांगलेला असतो. चावलं की तंतू ताणले जातात आणि दाब हाडाकडे जातो. आम्ही प्रेसखाली रबरी पॅड घालतो ना, तोच प्रकार. फक्त हा पॅड जिवंत आहे. पोह्यातला बारीक खडा दाताखाली आला की लगेच कळतो, तोही याच तंतूंमधल्या नसांमुळे. भाची म्हणाली, "इम्प्लांटला ही गादी नसते, ते सरळ हाडाला धरतं. चांगलंच असतं, पण आधी असलेली गादी वाचते का ते बघू."

तिच्या सांगण्यावरून पंचवटीतल्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत गेलो. केसपेपर, रांग, एक्स-रे, आणि मग हिरड्यांच्या विभागात एक मॅडम आणि लिहून घ्यायला एक विद्यार्थी. मॅडमच्या हातात मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई. ती बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण मशीनमधली फट मोजायला आम्ही फीलर गेजची पट्टी घालतो तशीच त्या ती हिरडी आणि दात यांच्यामध्ये सरकवत होत्या. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. निरोगी हिरडीत सळई एक ते तीन मिलिमीटर जाते. "तीन, दोन, तीन... दोन, दोन, तीन..." असं चाललं होतं, आणि छत्तीसवर आल्यावर "सहा, पाच, सात." सात ऐकून माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या क्लिअरन्सला, म्हणजे फटीला, मी बेअरिंगच बदललं असतं.

एक्स-रेत दोन मुळांच्या बेचकीत हाडाची कड खाली उतरलेली दिसत होती. दातांवरचा चिकट थर साफ झाला नाही की लाळेतल्या खनिजांनी कडक होऊन त्याचं किटण बनतं. त्यावर जंतूंचा नवा थर बसतो, हिरडी सुजते, तंतू सुटतात, हाड मागे सरकतं. आणि यातलं बरंच काही न दुखता होतं, ही मला सर्वांत अन्यायकारक गोष्ट वाटली. मॅडमनी साखर तपासायला सांगितली. तीही वाढलेली निघाली. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आटोक्यात यायला अडचण होते, असं दोन्ही बाजूंनी चालतं म्हणे. तर एका दाढेपायी दोन डॉक्टर लागले.

चार खेपांत चार कोपरे साफ झाले. इंजेक्शनने निम्मा ओठ बधिर, मग मशीन आणि नंतर हाताची हत्यारं हिरडीखाली घालून मुळाचा पृष्ठभाग खरवडणं. दुखलं नाही, पण तो खर्र खर्र आवाज हाडातून थेट कानात येतो, त्याची तयारी ठेवा. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला सर्वांत जास्त किटण निघालं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात.

आईचा या सगळ्याला विरोध होता. "मशिनीनं साफ केलं की दात हलाया लागत्यात," हे तिचं म्हणणं. तिने स्वतः आयुष्यभर मिश्री लावली आणि तिच्या दातांची पिवळी मुळं बोटभर उघडी पडलीत, हे तिला कोण सांगणार! पण तिचं अगदीच खोटंही नव्हतं. किटण निघाल्यावर दातांमध्ये फटी दिसायला लागल्या आणि दोन आठवडे दाढ जास्तच हलल्यासारखी वाटली. मॅडम म्हणाल्या, किटणाने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात, सूज उतरली की खरी फट दिसते. डिसेंबरात पहाटेच्या गार पाण्याने चूळ भरताना उघड्या मुळांमधून जी कळ जायची, तिच्यासाठी वेगळी टूथपेस्ट दिली. फटींसाठी बारीक बाटलीब्रशसारखा ब्रश. चूळ भरायचं औषध थोडेच दिवस, कारण त्याने दात तपकिरी होतात आणि चहाची चव जाते.

दोन महिन्यांनी पुन्हा सळई. "तीन, तीन, चार." बेचकीपाशी पाच. रक्त त्या एकाच जागी आलं. हिरडी मुळाला घट्ट बसली म्हणून आकडे उतरले. गेलेलं हाड आपोआप परत आलेलं नाही आणि येणारही नाही. बेचकीसाठी पुढे हिरडी उघडून साफ करावी लागेल का, ते दर तीन महिन्यांच्या तपासणीत ठरेल.

संध्याकाळी आईने विचारलं, "मग, हलती का?"

जिभेने ढकलून बघितली. "थोडी हलती."

"म्या म्हनलंच हुतं," आई म्हणाली.